स्की करता येईना, बूट थंड : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया वाचली. स्कीचे बूट विजेवर गरम ठेवणाऱ्या पिशवीवरचा माझा लेख आपण शेवटपर्यंत वाचलात, त्याबद्दल आधीच आभार मानून ठेवतो, कारण पुढे त्याला जागा उरेल असं दिसत नाही. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आपलं म्हणणं जसंच्या तसं देतो :

"लेखकमहाशय, एवढं पुराण कशाला? बूट घरातूनच गरम करून निघावं. गाडीत वायरी लावून पिशव्या शेकत बसणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं, तसं स्की करता येईना, बूट थंड! शिवाय तुमचा ॲम्पिअरचा हिशेब चुकलाय, विमानप्रवासाबद्दल अवाक्षर नाही, आणि ओले बूट बंद पिशवीत तापवले तर ते वाळत नाहीत, कुबट वास धरतात, हे तुम्ही सोयीस्कर गाळलंय."

'महाशय' हा आदरार्थी शब्द आहे असं शब्दकोश सांगतो. शब्दकोशाबाहेर तो कोण कोणाला आणि कधी म्हणतं, हे आपल्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. 'पुराण'चंही तेच. लेख लांबला होता, कबूल. पण मुद्दा खोडून काढणं वेगळं आणि माणसाला चिमटा काढून मुद्दा खोडल्याचा आव आणणं वेगळं. आपण पहिलं थोडं केलंत, दुसरं भरपूर.

उगाच अन्याय नको, म्हणून आपलं जे बरोबर आहे ते आधी देऊन टाकतो. ९० वॉटची पिशवी १२ व्होल्टवर ५ ॲम्पिअर ओढते असं मी लिहिलं होतं. ९० भागिले १२ म्हणजे साडेसात. पहिल्या खर्ड्यात ६० वॉटच्या पिशवीचं उदाहरण होतं, मग मी पिशवी बदलली आणि ॲम्पिअर तसेच राहिले. चूक माझी. पण त्यामुळे बिघडलं काय? गाडीच्या सॉकेटचा फ्यूज बहुतेक करून १० ते १५ ॲम्पिअरचा असतो, साडेसात त्यात आरामात बसतात. इंजिन बंद ठेवून तासभर पिशवी लावली तर ६० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीतले साडेसात जातात, आणि गारठलेली बॅटरी मुळातच हात आखडता घेते, म्हणून पिशवी इंजिन चालू असतानाच लावा, हे मी लिहिलं होतं. ते आपल्याला दिसलं नाही. भागाकार तेवढा दिसला.

आता ते अंगण.

या म्हणीवर मी दोन दिवस विचार केला, खोटं कशाला बोलू. बायको म्हणाली, सोड, गंमत केली असेल त्यांनी. असेल. पण गंमतीच्या पोटात एक समज दडलेली आहे आणि ती साफ उलटी आहे. समज अशी, की गरम पिशवी हे नवशिक्यांचं, नाजूक पायाच्या लोकांचं कौतुक. ज्याला खरी स्की येते तो बर्फासारखा बूट घेतो, पाय घालतो आणि निघतो.

बूट आत कसा असतो ते एकदा बघा. बाहेर प्लास्टिकचं कवच, बहुतेकदा पॉलियुरेथेनचं. आत काढता-घालता येणारं फोमचं अस्तर, ज्याला सगळे लायनर म्हणतात. पाय घालताना तो नळीतून खाली जातो आणि टाचेपाशी काटकोनात वळतो. त्या वळणावर पायाचा सगळ्यात उंच भाग, म्हणजे पावलाची कमान, कवचाच्या एकमेकांवर चढलेल्या दोन पाकळ्यांमधून जावी लागते. पाकळ्या उघडल्या तर पाय जातो, नाहीतर अडकतो. आणि हे प्लास्टिक थंडीत ताठ होतं. रात्रभर डिकीत राहिलेल्या बुटाच्या पाकळ्या दोन्ही हातांनी ओढल्या तरी बोटभर सरकत नाहीत. म्हणजे पिशवी पाय ऊबदार ठेवायला नसतेच मुळी, ती बुटाचं तोंड उघडायला असते. उतारावर गेल्यावर पाय गरम राहतात की नाही, ते बूट मापाचा आहे का आणि मोजा कोरडा आहे का यावर ठरतं. घट्ट आवळलेल्या बुटात रक्तच फिरत नसेल तर पिशवीतली ऊब दुसऱ्या फेरीपर्यंतसुद्धा पुरत नाही.

आता आपलं अंगण इथे आणून ठेवा. ताठ बूट कोण घेतं? नवशिका ७०-८० फ्लेक्सचा (फ्लेक्स म्हणजे बूट किती ताठ आहे त्याचा आकडा), बोटांच्या बाजूला १०२-१०४ मिलिमीटर रुंदीचा मऊ बूट घेतो. तो कितीही थंडीत थोड्याफार कुरकुरीने उघडतो. चांगली स्की करणारा १२०-१३० वर जातो. शर्यतवाले त्याच्याही पुढे, आणि त्यांच्या कवचाची रुंदी ९२ ते ९६ मिलिमीटर. (फ्लेक्सचा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने छापते, एकीचा ११० दुसरीच्या १०० इतका निघू शकतो, पण दिशा तीच.) थोडक्यात, जितकी स्की जास्त येते तितका बूट ताठ आणि अरुंद, आणि तितका तो थंडीत पाय आत घेत नाही. शर्यतीच्या सकाळी खोलीतली प्लगची जागा कोण अडवून बसलेलं असतं ते कधी बघितलंय का तुम्ही? नाचता न येणारे नसतात ते.

हा बाणेदारपणा चामड्याच्या बुटांच्या काळात खपून गेला असता. ते बूट भिजायचे, सैल पडायचे, त्यांचे दोष वेगळे होते. १९६० च्या दशकात बॉब लँग यांनी प्लास्टिकचे बूट आणले, आणि तेव्हापासून ताठ कवचाचं हे दुखणं आपल्या मागे आहे. तुमची म्हण प्लास्टिकच्या आधीची दिसते.

आता मला स्की येते की नाही, याबद्दल. मी १९९७ पासून स्की करतो. क्लबच्या शर्यतीत वयस्कर गटात दुसरा आलेलो आहे. गटात किती जण होते हा प्रश्न इथे गौण आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन हंगाम मी लहान मुलांच्या वर्गाला मदतनीस होतो. उणे १४ तापमान, गाडीतळावरचा घट्ट बर्फ, आणि रांगेने बसलेली ११ पोरं, प्रत्येकाचा एक पाय माझ्या मांडीवर. हातमोजे काढल्याशिवाय पाकळी पकडता येत नाही, आणि काढले की तिसऱ्या पोरापर्यंत बोटं आपली राहत नाहीत. एक मुलगी काही न बोलता नुसती बघत होती. तिची टाच वळणावर अडकली होती, पाय आतही जाईना आणि बाहेरही येईना. मी कवच ओढलं, तिच्या आईने नळी धरली, आणि शेवटी पाय आत गेला तेव्हा मोजा तळव्याखाली गोळा झाला होता. म्हणजे सगळं पुन्हा काढा. त्या दिवशी ती उतारावर गेलीच नाही. माझ्या स्वतःच्या उजव्या पावलाच्या कमानीवर अशाच एका सकाळची खूण अजून आहे, हवी तर दाखवतो. आणि या कुस्तीत माणसाला घाम फुटतो, मोजा आतून ओला होतो, आणि ओला मोजा घेऊन आपण डोंगरावर नेणाऱ्या उघड्या लिफ्टवर जाऊन बसतो. मग पाय गार पडले की दोष बुटाला.

म्हणून 'वायरी लावून शेकत बसणं' हे शब्द लागले. ज्याने ११ पोरांचे बूट चढवलेत त्याला लागणारच.

वायरींचं निघालंच आहे तर एक गोष्ट, जी मूळ लेखात निसटली होती आणि जिच्यावर तुम्ही बोट ठेवलं असतं तर मी हात जोडले असते. पिशवीत बिघाड कुठे होतो? प्लगमध्ये नाही, थर्मोस्टॅटमध्येही क्वचित. तापणारी तार पिशवीच्या झाकणातून तळाकडे जाते तिथे, चेनच्या कोपऱ्याशी, जिथे झाकण रोज दुमडतं. माझ्या दुसऱ्या पिशवीची तार नेमकी तिथे तुटली. दिवा लाल, बाहेरून हात लावला तर एक बाजू गरम, आणि डावा बूट रोज थंड. आठवडाभर मी माझ्या डाव्या पायालाच नावं ठेवत होतो. तेव्हा विकत घेताना पिशवी उघडून झाकण चार वेळा दुमडून बघा, आणि तारा तळाशी व दोन्ही बाजूंना असतील पण घडीवरून जात नसतील अशी घ्या. बूट ठेवताना बकल एकमेकांकडे तोंड करून ठेवा, तापणाऱ्या पडद्यात धातू रुतायला नको. बकल सैलसर लावलेले असू द्या, सताड उघडे नकोत, नाहीतर ऊब मिळालेलं कवच तोंड वासून वेडंवाकडं बसतं. ४० अंशांच्या आसपास, पाऊण तास. पुरे. दुकानात लायनर पायाच्या आकारावर बसवायला १०० अंशांच्या आगेमागे तापवतात, त्यामुळे पिशवीने तो बिघडेल ही भीती नको. शेगडीपुढे किंवा हीटरवर बूट टेकवून ठेवणाऱ्यांनी मात्र जरूर भ्यावं.

"घरातून गरम करून निघावं." निघतो की. मग दोन तासांचा घाट, बूट डिकीत, डिकीत उणे दहा. पोचेपर्यंत घरच्या उबेचं काय उरतं? शेजारच्या सीटखाली, गाडीच्या हीटरच्या झोतात ठेवले तर काम होतं, आणि ते माझ्या लेखात तिसऱ्या परिच्छेदात आहे. चालवणाऱ्याच्या पायाशी मात्र कधीही ठेवू नयेत, पेडलखाली बूट गेला तर पुढचं सांगायला नको. पण चौघं जण आणि चार जोड असतील तर एका सीटखाली किती मावणार? एकटेच जात असाल तर तुम्हाला पिशवी लागणार नाही. तेवढं म्हणाला असतात तर हे उत्तर चार ओळींत संपलं असतं.

विमानाचं म्हणाल तर लेख विमानावर नव्हता. तरी सांगतो. वायरीच्या पिशवीत बॅटरीच नसते, त्यामुळे प्रश्नच नाही. पॉवर बँकवर चालणारी असेल तर पॉवर बँक काढून केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवायची, चेक-इनच्या सामानात नाही. १०० वॉट-तासांपर्यंत चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते. २०,००० मिलीॲम्पिअर-तासांची नेहमीची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची, म्हणजे विमानात जाते. पण ६० वॉटची पिशवी तिच्यावर कागदोपत्री सव्वा तास चालेल, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. झालं अवाक्षर?

राहिला वाळण्याचा मुद्दा. लेखाचं शीर्षक 'निवड आणि वापर' होतं, 'वाळवण' नव्हतं. पिशवी म्हणजे ड्रायर नव्हे, हे वस्तूच्या नावातच आहे. वाळायला वाहती हवा लागते, नुसत्या उष्णतेने पाणी लायनरमधून निघतं आणि बंद पिशवीच्या आतल्या बाजूला जाऊन बसतं, हे शाळकरी पोरालाही कळेल, ते मी वेगळं कशाला लिहू? ज्याला कळतं तो रात्री लायनर कवचाबाहेर काढतो, पंख्यापुढे ठेवतो, आणि सकाळी कोरडे बूट पिशवीत घालतो. 'सोयीस्कर गाळलंय' हा आरोप मला अजिबात मान्य नाही. गाळायला ते डोक्यात यावं लागतं.

माझी पहिली पिशवी मला टाकून द्यावी लागली, हे काही जुन्या वाचकांना आठवत असेल आणि ते इथे खाली येऊन लिहितीलही. तिचं कारण वेगळं होतं. म्हणजे वास होता, नाही असं नाही, पण चेनही बिघडली होती.

ॲम्पिअरचा आकडा मूळ लेखात दुरुस्त केला आहे. आपली प्रतिक्रिया 'महाशया'सकट आहे तिथेच राहील, मी कोणाची प्रतिक्रिया पुसत नाही. वाळवण्याबद्दल लेखात दोन ओळी घालायच्या की नाही ते अजून ठरलेलं नाही. कालचे लायनर या क्षणी माझ्या खुर्चीमागे पंख्यापुढे उलटे उभे आहेत, आणि उजवा अजून ओला आहे.