मोडीचा धंदा

नोकरी सोडून 27 दिवस झाले होते आणि "सध्या काय करता?" याचं उत्तर अजून बसलेलं नव्हतं. गंगावेशीतून गाडी काढताना मी तेच घोकत होतो. "मोडी लिपीतले जुने कागद वाचून देतो." वाचून देतो म्हणावं की लिप्यंतर करतो म्हणावं? लिप्यंतर म्हटलं की वजन येतं, पण समोरचा गप्प होतो. वाचून देतो म्हटलं की समोरचा विचारतो, "आणि पोटापाण्याला?" एवढ्यात पुढची रिक्षा थांबली. मी थांबलो नाही.

वेग विचाराल तर दूध कट्ट्याकडं निघालेली एक म्हैस मला मागं टाकून पुढं गेली होती. तिच्यासाठीच रिक्षा थांबली होती.

आता कोल्हापुरात धडकायचंच असेल तर कशालाही धडकावं, सजवलेल्या रिक्षेला धडकू नये. या गावात रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा होतात. ही तर आरशांची, गोंड्यांची, मागं बोटभर जाड स्टीलचं गार्ड लावलेली. तिला काही झालं नाही. माझ्या बंपरला आडवी चीर गेली, ग्रील आत गेलं, डाव्या दिव्याची काच फुटली. रिक्षेचं नुकसान एवढंच, की मागच्या रेडियममधल्या "अंबाबाई प्रसन्न" मधला "न्न" माझ्या ग्रीलला चिकटून आला. मागं राहिलं "अंबाबाई प्रस".

रिक्षावाले मामा उतरले. आधी त्यांनी गाडी पाहिली, मग मला, मग अक्षरं.

"काय ओ साहेब, लक्ष कुठं हाय?"

खरं उत्तर देण्यासारखं नव्हतं. तोवर कट्ट्यावरची चार माणसं पेल्यांसकट आली. ताज्या धारेचं दूध पिता पिता न्यायनिवाडा करायची सोय जगात दुसरीकडं कुठं असेल असं वाटत नाही. फेसाच्या मिशा लावलेल्या एका ज्येष्ठांनी विचारलंच, "काय करतायसा आपण?"

27 दिवसांची तयारी होती. तोंडातून आलं, "मोडी."

"मोडीचा धंदा हाय व्हय!" मामांचा चेहरा उजळला. "मग गाडीबी त्यातलीच दिसतीया."

मी फौंड्रीत 19 वर्षं काढली. शिरोली एमआयडीसीत, तपासणी खात्यात. बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कास्टिंगवर बोट फिरवून ब्लो होल, म्हणजे हवेचं भोक, कुठं आहे ते सांगायचं आणि रिजेक्टचा पिवळा ठिपका मारायचा. मोडी हा रविवारचा नाद. पण 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. ज्या नादावरून घरात बोलणी खात होतो, त्यासाठी लोक आजोबांच्या पेट्या घेऊन दारात यायला लागले. दोन शब्दांत जागा सोडायची नाही, हात उचलायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा करायची नाही, अशी ती लिपी. एकदा डोळ्यांत बसली की सुटत नाही. आणि मी राजीनामा दिला. बायको एवढंच म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलो होतो, जरा थांबा." कशासाठी थांबा, हे तिनं अजून सांगितलेलं नाही. त्या दिवशी फोनवरून अपघात सांगितल्यावरही तिनं तेच वाक्य वापरलं. ते कुठंही बसतं.

विमा कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. नाव, गाडी नंबर, तारीख. मग, "व्यवसाय सर?"

"मोडीवाचक."

बटणं दाबल्याचा आवाज आला. "स्क्रॅप डीलर टाकलंय सर. गाडी धंद्यासाठी वापरता का? कारण पॉलिसी खासगी वापराची आहे."

"अहो, भंगार नाही. गाडीत फक्त जुने कागद असतात."

"म्हणजे रद्दी का सर?"

फौंड्रीत असतो तर "नोकरी" म्हणून मोकळा झालो असतो. ही भानगड मी 10 मिनिटं निस्तरली. शेवटी तिनं "इतर" असं टाकलं. मला ते मनापासून पटलं.

मग हिशेब कळला. बंपर प्लॅस्टिकचं, त्यामुळं झीज म्हणून निम्मे पैसे कापणार. वर 1000 रुपये सक्तीनं माझ्या खिशातून. आणि पाच वर्षं एकही क्लेम न करता कमावलेली 50 टक्के सवलत एका फटक्यात शून्य. थोडक्यात, क्लेम न करण्यासाठीच मी इतकी वर्षं विमा भरत होतो.

मामा तोवर निवळले होते. "उद्यमनगरात आपला मिस्त्री हाय, चला. रेडियमवालाबी शेजारीच हाय." अशी आमची वरात निघाली. पुढं "अंबाबाई प्रस", मागं मी, ग्रीलवर "न्न".

मिस्त्रीनं गाडीभोवती एक फेरी मारली. चिरेवर अंगठा फिरवला. ती लकब माझ्या ओळखीची होती. हा रिजेक्टचा ठिपका मारणार, असं वाटून पोटात गोळा आला. पण त्यानं कानावरची पेन्सिल काढली, सिगारेटच्या पाकिटाच्या मागं काहीतरी खरडलं आणि माझ्या हातात दिलं.

दोन शब्दांत जागा नव्हती. हात उचललेला नव्हता. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता. मी चष्मा पुसला. पाकीट उजेडात धरलं, तिरकं धरलं. पहिलं अक्षर "ब" असावं किंवा "क". आकडा 3 किंवा 8, म्हणजे फरक 5000 रुपयांचा.

मामांनी पाकीट माझ्या हातून काढून घेतलं आणि धडाधड वाचलं, "बंपर जोडून, ग्रील ठोकून, डावी काच जुन्या बाजारातली, कलर, मजुरी धरून 3400. खाली ल्हिलंय, च्या सांगा."

पाकीट परत देताना ते माझ्याकडं जरा काळजीनं बघत होते.

"साहेब, त्ये वाचायचं काम करतायसा म्हणून फोनवर म्हणालासा, ते किती दिस झालं?"