मढ-मनोरीच्या ‘टोळी’वाल्या मेसेजला उत्तर

मुंबईच्या किनाऱ्यावरच्या मढ, मनोरी, गोराईच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: बेटावर गुन्हेगारी वाढलीय, मुलं पळवणारी टोळी आलीय, सगळं बाहेरच्यांमुळे, पोलीस तक्रार घेत नाहीत, तेव्हा भाडेकरू काढा आणि रात्रीची फेरीबोट बंद करा.

‘अपहरणाचे आकडेच बघा.’ बघूया, पण ते तयार कसे होतात तेही बघूया. बेपत्ता अल्पवयीन मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवावाच लागेल, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये दिला. तेव्हापासून अठराच्या आतलं कुणी घरातून निघून गेलं की अपहरणाचं कलम लागतं. आधी भारतीय दंडविधानाचं (भादंवि) ३६३, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १३७. निकालाच्या धास्तीने मामाकडे पळालेला मुलगा आणि मित्रासोबत गेलेली सतरा वर्षांची मुलगी, दोघंही त्याच रकान्यात. यातली बहुतेक मुलं सापडतात, नोंद मात्र राहते. नोंदी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढलेच असं धरू नका, हे देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे छापणारी केंद्राची संस्था एनसीआरबी स्वतःच्या अहवालात सांगते. तो भाग कुणी फॉरवर्ड करत नाही.

‘टोळी फिरतेय.’ मेसेजमध्ये ना तारीख, ना जागा, ना पोलीस ठाणं. अशाच अफवेपायी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. एप्रिल २०२० मध्ये गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक असेच जमावाच्या हातून मारले गेले. गडचिंचलं काही लांब नाही, शेजारच्या पालघर जिल्ह्यातच आहे.

‘सगळं बाहेरच्यांमुळे.’ आपल्या बोटींवरचे खलाशी कुठले? मासेमारीबंदी लागली की गावी जातात, हंगामाला परत यावेत म्हणून आपणच आगाऊ पैसे देतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं घरमालकाचं काम आहे. ते किती जण करतात, हे आपलं आपल्याला ठाऊक. आणि मढ-एरंगळकडे सर्व्हेच्या नकाशांत फेरफार करून किनाऱ्यावर बांधकामं उठवल्याचं जे प्रकरण गाजलं, त्याला विशेष तपास पथक लागलं. ते खोलीभाडं भरणाऱ्या खलाशाचं काम नव्हे. या मेसेजात त्याबद्दल चकार शब्द नाही!

‘पोलीस तक्रार घेत नाहीत.’ हे सरसकट खोटं म्हणणार नाही, टोलवाटोलवी होते. पण हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात तो, नोंदवावाच लागतो. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत सही करायची. नकार मिळाला तर तक्रार लेखी, पोस्टाने, पोलीस उपायुक्तांकडे.

राहिली फेरीबोट. ती बंद केली तरी मनोरी-गोराईला भाईंदर-उत्तनचा रस्ता उघडाच आहे, आणि मढला तर मालाडहून थेट बस येते. चोर गाडीने येईल. अडतील ते रात्रपाळीहून परतणारे आणि ज्यांना अपरात्री पेशंट घेऊन मालाड गाठायचंय ते.