साक्षीआधी मुलाकडून जबाब पाठ करून घेऊ नका

गोव्यातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मुलाला कोर्टात साक्ष द्यायची असेल तर जबाब तोंडपाठ करून घ्या. लहान मुलांची साक्ष तशीही धरत नाहीत आणि आरोपीचा वकील त्यांना फाडून खातो.’ यातलं काहीच खरं नाही, आणि पहिला सल्ला पाळला तर खटलाच बुडू शकतो.

पाठ केलेला जबाब उलटतपासणीत टिकत नाही. ‘काल घरी आईने काय सांगितलं?’ असं विचारलं की मूल खरं तेच सांगतं: ‘असं बोल म्हणाली.’ मग खरी हकीकतही शिकवलेली ठरते. घटनेचा सराव अजिबात नको. सराव घ्यायचा तो उत्तर देण्याचा, तोही भलत्याच विषयावर. सकाळी डोसा खाल्ला असेल तर विचारा, ‘पोई अर्धी का टाकलीस?’ त्याने न घाबरता ‘पोई नव्हती, डोसा होता’ म्हणायला हवं. मोठ्या माणसाचं चुकलं तर तसं सांगायचं, आणि ‘आठवत नाही’, ‘प्रश्न समजला नाही’ हीसुद्धा उत्तरंच आहेत, हे त्याच्या मनात पक्कं बसू द्या. नीट बोललास तर सायकल घेऊ, असं आमिष दाखवू नका. तेही उलटतपासणीत निघतं.

साक्षीला किमान वयाची अट नाही. प्रश्न समजतो का आणि उत्तर सुसंगत देता येतं का, एवढंच न्यायाधीश पाहतात.

पोक्सोच्या (मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या) खटल्यात वकील मुलाला थेट प्रश्न विचारू शकत नाही. वकील प्रश्न न्यायाधीशांकडे देतो आणि ते मुलाला विचारतात (कलम ३३). आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये म्हणून पडदा, एकतर्फी काच किंवा व्हिडिओची सोय करता येते (कलम ३६). पण व्हरांड्यात आरोपी आणि त्याचे नातेवाईक समोरच बसलेले असू शकतात. म्हणून तारखेच्या बऱ्याच आधी सरकारी वकिलांना भेटून बसायला वेगळी खोली मागा आणि मुलाला रिकामं कोर्ट दाखवून आणा.

विश्वासाचं माणूस साक्षीवेळी मुलाजवळ थांबू शकतं. मात्र आई स्वतःही साक्षीदार असेल तर तिला बाहेर थांबावं लागू शकतं; अशा वेळी मावशी किंवा आजी आधीच ठरवून ठेवा. बाल कल्याण समितीकडून खटल्यात मुलाला साथ देणारी सहायक व्यक्तीही मिळते. यांपैकी कुणीही मुलाला उत्तर सुचवायचं नाही.

घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलाला दुभाषा मागता येतो (कलम ३८). अवयवांसाठी मूल घरात कोणते शब्द वापरतं, ते दुभाष्याला आधीच कळवायला सरकारी वकिलांना सांगा.