गोधडीतली डाळ

आमचा कुकर गेल्या श्रावणात माळ्यावर गेला. गुन्हा एवढाच, की त्याच्या झाकणाआड डाळीचा फेस कोंडून राहतो. हा फेस म्हणजे युरिक अ‍ॅसिड, पळीने काढून टाकला नाही तर गुडघे गेलेच म्हणून समजा, असं आमच्या सौ.ने मोबाइलवर पाहिलं होतं. फेसात असतात प्रथिनं आणि साबणासारखा फेस आणणारं सॅपोनिन. युरिक अ‍ॅसिड आपल्याच शरीरात तयार होतं, हे मी सांगून पाहिलं. "गुडघे कुणाचे दुखतात, तुमचे की माझे?" यापुढे विज्ञान काय बोलणार!

मग कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून मातीचं मडकं आलं. मी ते हातात धरून दारात उभा, तर आईने आतून विचारलं, "कोण गेलं रे?"

गेला तो गॅस. कुकरमधली वाफ कोंडली की तापमान 120 अंशांच्या आसपास चढतं आणि तूरडाळ पंधरा-वीस मिनिटांत शिजते. उघड्या भांड्यातलं पाणी शंभरापुढे जातच नाही. त्यातून आम्ही पुण्याचे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर असल्यामुळे इथलं पाणीसुद्धा पूर्ण शंभर देत नाही, अठ्ठ्याण्णववर आटोपतं. शिवाय मडकं तडकू नये म्हणून आच मंद. साडेदहाला चढवलेल्या डाळीचा दाणा बारा वाजता बोटांत दाबला, तर दाण्याऐवजी बोटच दबलं. 14.2 किलोचं जे सिलिंडर आम्हाला दीड महिना पुरायचं, ते एकोणतिसाव्या दिवशी फुसफुसलं.

आता मला शोध लागला. (शंभरेक वर्षांपूर्वी लोक गवताच्या पेटीत भांडं ठेवून हेच करत, पण घरात तसं बोललो नाही.) उकळी आल्यानंतरचा गॅस मुख्यतः बाहेर निसटणारी उष्णता भरून काढण्यातच खर्च होतो. मग ती निसटूच दिली नाही तर? भिजवलेली डाळ हळद-हिंग घालून स्टीलच्या जाड पातेल्यात दहा मिनिटं खळखळ उकळली. सौ.ने फेसही काढून घेतला. घट्ट झाकण लावलं आणि आईच्या जुन्या लुगड्यांच्या दोन गोधड्यांत पातेलं बाळंतिणीसारखं गुंडाळून कपाटात ठेवलं. अडीच तासांनी उघडलं, तर झाकणाला हात लावून चटका बसला. डाळ रवीशिवाय मोडली! गोधडीवर तळहाताएवढा पिवळा डाग पडला होता, पण संशोधनात एवढं चालायचंच. मी तीन दिवस सोसायटीत गोधडीचीच व्याख्यानं देत होतो.

चौथ्या दिवशी राजमा गुंडाळला. घाईत, जेमतेम एक उकळी आणून.

संध्याकाळी लेक कॉलेजातून आली. सूक्ष्मजीवशास्त्राला आहे, त्यामुळे घरात कुणी सुखाने शिळा भात खाऊ शकत नाही. तिने कपाट उघडलं. "बाबा, हे किती वेळ उकळलंय?" माझं उत्तर ऐकून तिने पातेलं माझ्या हातून काढूनच घेतलं. राजम्यात लेक्टिन नावाचं बाधणारं प्रथिन असतं. तो आधी भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं सणसणीत उकळावा लागतो. नुसता कोमट-गरम पाण्यात रेंगाळला, तर कच्च्या राजम्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. उलट्या, जुलाब, सगळं. आणि अन्न साठ अंशांच्या खाली तासन् तास राहिलं की जंतूंचं फावतं, हे वेगळंच.

"म्हणजे गॅस वाचवून दवाखान्यात भरायचे," सौ. म्हणाली. तिच्या आवाजात गुडघेदुखीचा लवलेश नव्हता.

राजमा कचऱ्यात गेला आणि मी स्टुलावर चढलो. कुकर खाली आला, पण अटींवर: डाळ आधी उघडी उकळायची, फेस मी काढायचा, मग झाकण. पहिली शिट्टी झाली की आच बारीक. फेस काढताना जळणारा गॅस कुणाच्या खात्यात धरायचा, हे विचारायचं नाही. मडक्यात आता ओवा लावलाय. छान आलाय.

रात्री आईने गोधडी अंगावर घेतली. थोडा वेळ शांतता.

"बाळ्या," अंधारातून आवाज आला, "हिंग जरा जास्तच पडला होता हो."