तीन तास खरे, पण विमानातले

मुंबई-दुबई हवाई अंतर सुमारे १९०० किमी आणि प्रवास तीन तासांचा, असं दुबई प्रवासावरच्या लेखात म्हटलंय, ते बरोबर आहे. पण वेळेच्या फरकाबद्दल एक ओळ हवी होती. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. मुंबईहून सकाळी १० ला निघालेलं विमान तिथल्या पावणेबाराला उतरतं, म्हणून तिकिटावरच्या निघण्या-पोहोचण्याच्या वेळांत पावणेदोन तासांचंच अंतर दिसतं. प्रत्यक्षात सव्वातीन लागतात. येताना उलटं. तिथून रात्री १० ला निघालं की इथे उतरताना अडीच वाजलेले असतात, प्रवास मात्र तीनच तासांचा. माझा मुलगा पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा याच हिशेबात आमचा गोंधळ झाला. त्याने तिथली तारीख सांगितली, आम्ही इथली धरली आणि एक रात्र आधीच विमानतळावर जाऊन बसलो.

हिवाळ्यात जाताना जरा जास्तच वेळ लागतो. वरच्या थरातले पश्चिमेचे जोरदार वारे समोरून येतात, परतताना तेच पाठीशी असतात.

आणि आम्हा रत्नागिरीकरांना दुबईपेक्षा मुंबईच लांब! रेल्वेने सहा-सात तास. पावसाळी वेळापत्रक लागलं की दरडींच्या धोक्यामुळे गाड्यांचा वेग कमी ठेवतात, मग विचारूच नका. त्यात विमानतळावर तीन तास आधी हजर राहायचं. जून ते ऑक्टोबरमध्ये निघणार असाल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. नातेवाईकांकडे एक रात्र काढणं परवडतं, विमान चुकणं नाही.