दामाजीपंतांनी कोठार कुणाचं उघडलं होतं?

आज गावातल्या सप्ताहाचं काल्याचं कीर्तन होतं. घरी येऊन तीन तास झाले तरी डोकं शांत होत नाहीये म्हणून लिहितेय, लांबेल, चालवून घ्या.

महाराजांनी दामाजीपंत लावले होते. मंगळवेढ्याचा दुष्काळ, माणसं अन्नावाचून पटापट मरतायत, आणि बिदरच्या बादशहाच्या चाकरीत असलेले पंत सरकारी कोठार खुलं करतात, जीव गेला तरी चालेल म्हणून. मग विठूराया स्वतः विठू महार होऊन बिदरला जातो, धान्याचे पैसे भरतो नि पंतांना सोडवतो. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, तरी मांडवात सगळ्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या, मी पण. आणि तिथून महाराज कांद्यावर आले. एकच वाक्य बोलले हो, की पंतांनी सरकारचं कोठार उघडलं, शेतकऱ्याची कांदा साठवायची चाळ नाही उघडली. झालं! कमिटीतले एक जण उठले, माईकपाशी गेले नि म्हणाले, महाराज, कीर्तनात राजकारण नको. महाराजांनी हात जोडले आणि पुढचं सगळं गोपाळकाल्यावर.

माझ्या शेजारी आण्णा बसले होते, माझे सासरे. त्यांनी टाळ खाली ठेवला तो परत उचललाच नाही.

आण्णांच्या त्या टाळामागं काय आहे ते सांगते. ८ डिसेंबर २०२३. आम्ही सगळ्यांनी दोन दिवस लाल कांदा खांडला, म्हणजे पात कापून वेगळा केला, माझ्या बोटांना चिरा पडलेल्या, पहाटे ट्रॉली भरून आण्णा आणि आमचे हे बाजार समितीत गेले आणि तिथं कळलं की निर्यातबंदी झाली. रात्रीत! लिलाव बंद, माणसं रस्त्यावर. तीन दिवसांनी तोच कांदा गेला, आदल्या आठवड्यात शेजाऱ्यांना मिळालेल्या भावाच्या जेमतेम निम्म्यात. हमाली, तोलाई, भाडं, लावणीची मजुरी, औषधवाल्याची उधारी, सगळं देऊन हातात काही नाही. आळंदीची कार्तिकी चालू होती, आण्णा दरवर्षी जातात, त्या वर्षी गेले नाहीत. घरी आले, हातपाय धुतले, खिशातली हिशोबपट्टी काढून देवघरात विठ्ठलाच्या फोटोपुढं ठेवली आणि म्हणाले, "हे तुझ्याकडं जमा." बस. जेवले नाहीत.

हे राजकारण आहे?

कुणी म्हणेल शहरातल्या गरिबानं काय ८० रुपये किलोनं कांदा खायचा का. नाही खायचा. त्यालाही स्वस्तच मिळाला पाहिजे, मान्य. पण मग तो स्वस्त सरकारच्या पैशानं करा ना! रेशनचं तसंच तर आहे, अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, ८० कोटी लोकांना महिन्याला माणशी पाच किलो धान्य, ते सरकार विकत घेतं नि सरकार वाटतं, त्याला कोण नाही म्हणतंय? आमच्या घरातही येतं ते. ते दामाजीपंतांचं काम आहे. कांद्याच्या वेळी मात्र शहराचं पोट भरायला आमच्याच खिशात हात. ते पण न सांगता.

बरं, सरकारनं त्याच वर्षी कांदा खरेदी केला, बफर स्टॉक म्हणजे टंचाईसाठीचा साठा केला, २५ रुपये किलोनं गाड्या लावून विकला, हेही खरं. मग बंदी कशाला घातली वर? ३१ मार्चपर्यंत म्हणाले, पुढं वाढवली, ४ मे २०२४ ला उठवली तीही ४० टक्के निर्यात शुल्क लावून, आणि शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. २०१९ लाही हेच, २०२० लाही हेच. हमीभाव २२ पिकांना जाहीर होतो, त्यात कांदा नाही, आणि ज्यांना आहे त्यातही खरेदी मुख्यतः गहू-तांदळाची. आमच्या बाजरीला, तुरीला कोण विचारतं.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? वारीत स्वच्छतेचा संदेश चालतो. झाडं लावा चालतं. आषाढीला मुख्यमंत्री पहाटे महापूजेला उभे राहतात, शेजारी मानाचं वारकरी जोडपं, बहुतेक वेळा शेतकरीच, आणि बाहेर येऊन सांगतात की बळीराजाला सुखी ठेव असं साकडं घातलं. ते चालतं. आणि ज्याच्या नावानं साकडं घातलं तो मांडवात बसलेला असताना त्याच्या कांद्याचं नाव काढलं की कीर्तन बाटतं? तुकोबांनी दुष्काळानंतर घरची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, आपल्या वाट्याची. ते काय भजन होतं फक्त?

कमिटीतल्या त्या दादांवर खरं तर राग धरू नये. त्यांच्या घरीपण कांदाच आहे. उद्या कुणी पक्षाचा झेंडा घेऊन मांडवात येईल ही भीती त्यांना असेल, ती खोटी नाहीये, आलेत असे लोक. पण झेंडा वेगळा, मागणं वेगळं.

म्हणून मी एक पत्र लिहायला घेतलंय, आपल्या दिंडीच्या नावानं. जास्त काही नाही. लागवडीआधी धोरण सांगा, रोप लावल्यावर बदलू नका. शहराला स्वस्त द्यायचं तर तुमच्या तिजोरीतून द्या. बंदी घालायचीच वेळ आली तर ज्याच्या मालाचा भाव पडला त्याला फरक द्या. दिंडी निघायच्या आत चोपदारांकडं देणार, बाकीच्या दिंड्यांच्या विणेकऱ्यांनाही दाखवणार, जितक्या सह्या होतील तितक्या. महाराज सही करतील असं वाटतंय, निघताना माझ्याकडं बघून मान हलवली त्यांनी.

आत्ता लिहीत बसले होते तर आण्णा पाणी प्यायला उठले. काय लिहितेस म्हणाले. वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, देवघरात गेले, फोटोपुढची ती पट्टी घेऊन आले, हळदीकुंकवानं पार पिवळी पडलीय, आणि म्हणाले, "उद्या याची झेरॉक्स काढ, पत्राला जोड. खरी परत इथंच ठेव."