पंधरा मिनिटांत डोलोमाइट्स

इटलीला जाताय? मग रोम, व्हेनिस झाल्यावर उत्तरेच्या डोलोमाइट्स डोंगरांमधल्या सांता मादालेनाला जायलाच हवं. फुनेस खोऱ्यातलं हे चिमुकलं गाव तुम्ही बघितलंय, नाव माहीत नसलं तरी. हिरवं कुरण, एक चर्च आणि मागे ओडलेचे करवतीसारखे सुळके, तोच तो फोटो. कोणाच्या तरी लॅपटॉपवर असतोच.

आधी तयारी. इटली म्हणून महिनाभर मोबाईलवर 'बोनजोर्नो', 'ग्रात्सिए' घोकून ठेवा. तिथे उतरल्यावर आजीबाई 'ग्रुस गॉट' म्हणतील आणि तुमचा चेहरा पडेल. कारण हा भाग पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियात होता, 1919 च्या तहात इटलीकडे गेला, पण लोक घरात अजून जर्मनच बोलतात आणि पाटीवर गावाची दोन नावं असतात. तुम्ही मात्र खचू नका, दोन गावं बघितली म्हणून सांगा.

बसबिस अजिबात नको. जवळच्या ब्रेसानोने शहरातून सरळ खोऱ्यात बस येते, पण बसला थांबा असतो आणि आपल्याला तर जिथे व्ह्यू दिसेल तिथेच थांबायचं असतं. गाडी भाड्याने घ्या, अरुंद रस्त्यावर इंडिकेटर लावून उभी करा, मागे ट्रॅक्टर आला तर हात दाखवा, 'टू मिनिट्स'. त्याच्या गाईंना कुठे घाई असते.

चर्चपर्यंत चढ आहे थोडा. बाराव्या पावलाला दम लागला की बरोबरच्यांना माहिती द्या की राइनहोल्ड मेसनर याच खोऱ्यात वाढला, त्याने 1978 साली पेटर हाबेलरबरोबर ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्ट केलं, आणि 1986 पर्यंत आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं. एवढं सांगेपर्यंत श्वास परत येतो. मग गाडी वरपर्यंत जाते का ते विचारा.

दुसरं चर्च म्हणजे रानुईचं, 1744 सालचं, कुरणाच्या मधोमध एकटंच उभं, डोक्यावर कांद्यासारखा घुमट. हे खाजगी मालकीचं आहे आणि आत कुरणात जायला फिरतं फाटक, चार युरो. इथे तुम्ही उसळायचं. चार युरो म्हणजे चारशे रुपये, गवतावर चालायचे! (आदल्या दिवशी व्हेनिसला उभ्याने प्यालेल्या कोल्ड्रिंकचा हिशोब इथे काढू नये, मूड जातो.) कुंपणाबाहेरून फोटो फुकट निघतो, पण तिथून गवतात लोळणारा रील निघत नाही ना. आणि गवत आहे, त्यात काय? असेल कोणीतरी ते कापून वाळवून हिवाळ्याला गाईंसाठी साठवत, तुडवलेलं गवत नीट कापलं जात नाही म्हणे, पण त्यांच्या गाई तुमच्या फॉलोअर्स थोड्याच आहेत.

दुपारी तीनला कडकडून भूक लागली की हॉटेलात जा. किचन बंद असतं. मग "एवढे टुरिस्ट येतात आणि यांना धंदा करता येत नाही" हे मराठीत पण मोठ्याने म्हणा. किचन चालू असलंच तर क्नोडल मागवा, शिळ्या पावाचे गोळे असतात, आणि व्हेज का म्हणून विचारा, मग त्यात स्पेक नावाचं डुकराचं मांस निघालं की बॅगेतली भाकरवडी काढा. ॲपल स्ट्रुडेलला, म्हणजे सफरचंद भरलेल्या गोड गुंडाळीला, मात्र नावं ठेवू नका, तेवढं मी सिरियसली सांगतोय.

संध्याकाळी हे सुळके आधी केशरी, मग गुलाबी होतात म्हणे. तुम्हाला कशाला, तोवर तुम्ही दुसऱ्या तळ्यावर पोचायचंय, आयटिनररी आहे ना.

रात्री फोटो चाळताना दिसेल की सगळ्यात भारी फोटोच्या कोपऱ्यात एक म्हातारा आलाय, हातात लाकडी दाताळं, चढावर गवत ओढत असलेला. दुपारी तुम्ही त्याला हातवारे करून बाजूला व्हायला सांगितलं होतं, तो हललाच नव्हता. काही हरकत नाही, आता फोनमध्येच इरेजर येतो, त्याच्यावरून बोट फिरवा, जातो. दाताळ्याची सावली राहते थोडी, ती परत एकदा घासा.